वसंतातल्या शहरभटकंतीसाठी जॅकेट कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटं काढून होतात, राहण्याची सोय होते आणि मग बॅग भरताना घोडं अडतं ते जॅकेटपाशी. हिवाळी जॅकेट जड होतं आणि नुसत्या स्वेटरवर भागत नाही. याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर आहेत. सगळं तापमान सेल्सिअसमध्ये आहे.

१. वसंतात ऊन असतं ना? मग जॅकेट लागतंच कशाला?

ऊन असतं, पण त्याचा जोर दुपारी दोन-तीन तासच असतो. थंड हवामानाच्या पट्ट्यातल्या शहरांत या ऋतूत सकाळी ५ ते ८ अंश आणि दुपारी १५ ते १८ अंश असा फरक एकाच दिवसात सर्रास पडतो. सहलीला गेलेला माणूस सकाळी आठला बाहेर पडतो आणि रात्री नऊ-दहाला परततो. मधे खोलीवर येऊन कपडे बदलणं होत नाही. त्यामुळे अंगावर जे असेल त्यानेच गारठलेली सकाळ, उन्हाची दुपार, एखादी सर आणि वाऱ्याची संध्याकाळ निभवावी लागते.

२. एकच जॅकेट न्यायचं असेल तर कोणतं?

वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं, पातळ, हूड असलेलं, कमरेच्या खाली चार-सहा बोटं येणारं आणि आत स्वेटर मावेल इतकं सैल. वजन साधारण ३०० ते ४५० ग्रॅम असावं. ऊब त्या जॅकेटमध्ये शोधू नका, ती आतल्या कपड्यांवर सोपवा.

अस्तरात कापूस किंवा पिसं भरलेलं जॅकेट दुपारी काढावं लागतं, आणि ते काढल्यावर वारा अडवायला अंगावर काहीच उरत नाही. पातळ जॅकेटमध्ये मात्र आतला स्वेटर काढून बॅगेत टाकता येतो आणि वरचं आवरण तसंच राहतं. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

३. हवामानाच्या अंदाजातला कोणता आकडा धरून कपडे ठरवायचे?

कमाल तापमान बाजूला ठेवा. दोन आकडे बघा. तुम्ही बाहेर पडता त्या तासाचं तापमान आणि तुम्ही परतता त्या तासाचं. तासागणिक अंदाज आता जवळपास सगळीकडे मिळतो. दिवसातलं सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं आणि सर्वांत जास्त दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, त्यामुळे सकाळी लवकर निघणाऱ्याला किमान आकड्याचाच सामना करावा लागतो.

मग वारा बघा. १० अंशांवर ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला साधारण ६ ते ७ अंशांइतकी थंडी जाणवते. नदीकाठ, पूल, बंदर आणि उंच इमारतींमधल्या बोळांत वारा अंदाजापेक्षा जोरात असतो. तिसरी गोष्ट पावसाची. "पावसाची शक्यता ४० टक्के" वाचून बरेच जण गाफील राहतात. चार-पाच दिवसांच्या मुक्कामात रोज ४० टक्के शक्यता असेल तर एकदा तरी भिजण्याची तयारी ठेवूनच जावं.

अंदाज निघण्याच्या तीन दिवस आधी बघा आणि आदल्या रात्री पुन्हा बघा. पंधरा दिवस आधीच्या अंदाजावरून बॅग भरू नका.

४. थर थर घालायचे म्हणजे नेमकं काय आणि किती?

तीन थर पुरतात.

अंगाला लागून घाम टिपणारा पातळ टी-शर्ट किंवा बनियन. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर उत्तम. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की पाठ गार पडते. त्यावर ऊब देणारा थर, म्हणजे पातळ फ्लीस (मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचं जॅकेट), लोकरी स्वेटर किंवा पातळ पिसांचं जॅकेट. सगळ्यात बाहेर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट.

५ अंशांना तिन्ही थर, १० ते १२ अंशांना आतला टी-शर्ट आणि वरचं जॅकेट, १६ अंशांच्या पुढे चालताना नुसता टी-शर्ट, असं ढोबळ गणित. रांगेत किंवा बाकावर बसून राहणार असाल तर एक थर वाढवा, कारण चालताना शरीर जी उष्णता तयार करतं ती थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत कमी होते. गळ्याभोवती पातळ मफलर हा अर्ध्या थराच्या मोलाचा आहे. वजन शंभर-दीडशे ग्रॅम, आणि कॉलरमधून आत शिरणारा वारा पूर्ण बंद.

५. विंडचीटर, रेनकोट, सॉफ्टशेल, हार्डशेल यांत फरक काय?

विंडचीटर पातळ नायलॉनचं असतं, वारा अडवतं आणि भुरभुर पाऊस दहा-पंधरा मिनिटं झेलतं. त्याच्या शिवणींतून पाणी आत येतं. रेनकोटवर प्लास्टिकसारखा लेप असतो, पाणी अजिबात येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. सॉफ्टशेल जाडसर, ताणलं जाणारं आणि आतून मऊ असतं. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांना ते फार सुखाचं, मात्र सलग पावसात अर्ध्या तासात खांदे ओले होतात. हार्डशेलमध्ये बाहेरच्या कापडाच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पाण्याचे थेंब आत येऊ देत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो.

प्रश्न २ मध्ये सांगितलेलं जॅकेट या शेवटच्या जातीचं. पाऊस नक्की नसेल तर सॉफ्टशेल किंवा चांगलं विंडचीटर चालेल.

६. लेबलवर "वॉटर रेझिस्टंट" लिहिलंय. म्हणजे वॉटरप्रूफच ना?

नाही. वॉटर रेझिस्टंट म्हणजे पाणी काही वेळ अडवणारं. वॉटरप्रूफ जॅकेटमध्ये दोन गोष्टी असायलाच हव्यात. कापडात लेप किंवा पडदा, आणि आतून सगळ्या शिवणींवर चिकटवलेली पट्टी. दुसरी गोष्ट दुकानात स्वतः तपासा. जॅकेट उलटं करा आणि खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवा. गुळगुळीत, बोटभर रुंदीची पट्टी लागली पाहिजे. तिथे दोरा उघडा दिसत असेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपणार, मग कापड कितीही भारी असो. फक्त खांदे आणि हूड यांवर पट्टी आणि कुशीच्या शिवणी उघड्या असाही प्रकार असतो. शहरातल्या छोट्या सरींना तो पुरतो, दिवसभराच्या पावसाला पुरत नाही.

चेनही बघा. तिच्यावर किंवा तिच्या आत कापडाची झडप नसेल तर पाणी छातीवर नेमकं तिथूनच येतं.

७. ५,००० मिमी, १०,००० मिमी, २०,००० मिमी या आकड्यांचा अर्थ काय?

कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच केला की पाणी खाली झिरपायला लागतं, त्याची ती उंची. १०,००० मिमी म्हणजे १० मीटर. पावसाच्या थेंबाचा दाब इतका कधीच नसतो, मग एवढा आकडा कशाला, असं वाटेल. खरा दाब येतो तो पाठीवरच्या बॅगेच्या पट्ट्यांखाली, ओल्या बाकावर बसल्यावर आणि कोपर टेकवल्यावर. तिथे कमी आकड्याचं कापड हार मानतं.

शहरात छत्री किंवा आडोसा जवळ असतो. ५,००० मिमी भुरभुरीला, १०,००० मिमी बॅग पाठीला लावून दिवसभर फिरायला. २०,००० मिमी डोंगरातल्या मुसळधार पावसासाठी आहे, शहरासाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजू नका.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते तो. १०,००० च्या आसपास असेल तर चालण्याला ठीक. हा आकडा मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांत थोडा फरक असेल तर त्यावर निर्णय घेऊ नका. त्यापेक्षा काखेखाली चेन आहे का बघा. ती उघडली की जी हवा खेळते तिची बरोबरी कोणताही पडदा करत नाही.

८. भारी वॉटरप्रूफ जॅकेट घेतलं, तरी आतून ओलं होतं. फसवणूक झाली का?

बहुतेक वेळा ते पावसाचं पाणी नसतं, घाम असतो. ओळखायचं कसं? ओल शिवणीपाशी किंवा चेनपाशी एका जागी असेल तर गळती. पाठ, काखा आणि बाह्यांच्या आत सगळीकडे सारखी, चिकट ओल असेल तर घाम.

याचं कारण बाहेरच्या कापडात असतं. नव्या जॅकेटवर पाणी मोत्यासारखं गोल होऊन घरंगळतं, कारण बाहेरच्या पृष्ठभागावर पाणी झटकणारा एक लेप असतो. मळ, अंगाचं तेल आणि बॅगेच्या पट्ट्यांचं घासणं यांनी तो झिजतो. मग बाहेरचं कापड पाणी पितं, गडद आणि जड होतं. आतला पडदा शाबूत असतो, पाणी आत येत नाही, पण ओल्या कापडामुळे वाफेला बाहेर जायची वाट राहत नाही आणि ती आतच थंड होऊन पाणी बनते. जॅकेट टाकून द्यायची गरज नाही. उपाय प्रश्न १७ मध्ये आहे.

९. पिसांचं फुगीर पफर जॅकेट नेऊ का? फार उबदार असतं म्हणतात.

उबदार असतंच, पण ओलं झालं की पिसं एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि ऊब जवळपास संपते. वाळायलाही फार वेळ लागतो. म्हणून वसंतात ते सगळ्यात बाहेरचा थर म्हणून नको, मधला थर म्हणून उत्तम. ६० ते १०० ग्रॅम पिसं भरलेलं पातळ पफर पाण्याच्या बाटलीएवढं गुंडाळलं जातं आणि वरच्या जॅकेटच्या आत बसतं.

लेबलवर ६००, ७००, ८०० असे आकडे दिसतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, पिसं किती घन इंच फुलतात त्याचा तो आकडा. तो पिसांचा दर्जा सांगतो, जॅकेट किती उबदार आहे ते नाही. ८०० चा आकडा असूनही आत ४० ग्रॅमच पिसं असतील तर ६०० च्या आणि ९० ग्रॅमच्या जॅकेटपेक्षा ते थंड पडेल. दोन्ही आकडे विचारा.

पावसाळी शहरात जात असाल तर पिसांऐवजी कृत्रिम तंतू भरलेलं पफर घ्या. थोडं जड असतं, पण ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवतं.

१०. डेनिम, चामडं, ब्लेझर, ट्रेंच कोट यांचं काय? फोटोही चांगले यायला हवेत.

ही इच्छा अगदी रास्त आहे, शहरात दिवसभर तेच अंगावर असतं आणि सगळ्या फोटोंत तेच येतं.

डेनिम कोरड्या, १४ अंशांपुढच्या दिवसांसाठी छान. भिजलं की जड होतं आणि खोलीत रात्रभर टांगूनही सकाळी शिवणी ओल्या राहतात. चामडं वारा उत्तम अडवतं, पण पावसाचे डाग धरतं. ते हीटरजवळ वाळवलं तर कडक होऊन तडकतं. ब्लेझर संध्याकाळच्या कार्यक्रमाला ठीक, वाऱ्याला निरुपयोगी, कारण छाती उघडी राहते.

ट्रेंच कोट, म्हणजे कमरेला पट्टा असलेला लांब कोट, मात्र या ऋतूसाठीच शोभतो. त्याचं मूळ कापड गॅबर्डिन. इंग्लंडमधले कापड-व्यापारी थॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये ते आणलं, आणि त्याची घट्ट तिरकी वीण वारा व हलका पाऊस अडवते. आजचे सगळे ट्रेंच कोट त्या कापडाचे नसतात. विकत घेताना कापड उजेडासमोर धरा, वीण विरळ दिसली तर तो फक्त दिसायला ट्रेंच आहे. खरा असला तरी तासभर सलग पावसात खांदे भिजतात, शिवाय बटणांच्या फटींतून वारा येतो. तो न्यायचाच असेल तर छत्री सोबत हवी.

११. माप कसं बघायचं? एक माप मोठं घेतलं की झालं ना?

सरसकट एक माप मोठं घेतलं तर खांदे उतरतात आणि बाह्या बोटांवर येतात. दुकानात जाताना सहलीत घालणार तोच स्वेटर घालून जा आणि हे करून बघा:

चेन पूर्ण लावा आणि दोन्ही हात सरळ वर करा, जसं ट्रेनमध्ये वरच्या दांडीला धरतो. कमरेची कड पट्ट्याच्या वर गेली नाही आणि मनगटं दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडी पडली नाहीत तर लांबी बरोबर. मग स्वतःलाच मिठी मारा. पाठीवर ताण आला तर छाती अपुरी. खुर्चीत बसा, चेनचं वरचं टोक हनुवटीला टोचतंय का बघा. शेवटी हूड चढवून मान डावी-उजवी फिरवा. हूड मानेबरोबर फिरलं पाहिजे. ते जागेवर राहून एक डोळा झाकत असेल तर रस्ता ओलांडताना गाडी दिसणार नाही. मागची नाडी ओढून ते बसतंय का बघा, नाहीतर दुसरं जॅकेट पाहा.

१२. खिसे किती आणि कसे हवेत?

बाहेर चेन असलेले दोन आणि आत चेन असलेला एक. पासपोर्ट १२५ गुणिले ८८ मिलिमीटर असतो. आतल्या खिशात तो उभा जाऊन चेन लागते का, हे घरातला पासपोर्ट घेऊन जाऊनच तपासा. बरेच आतले खिसे फोनच्या मापाचे असतात, त्यात पासपोर्ट अडतो.

बाहेरचे खिसे फार खाली असतील तर बॅगेच्या कमरपट्ट्याखाली दबतात आणि हात घालता येत नाही. गर्दीत बाहेरच्या खिशात फक्त रुमाल आणि तिकीट ठेवा. आणखी एक बारीक पण त्रासदायक गोष्ट: खिशाला जाळीचं अस्तर असेल आणि तो तुम्ही हवेसाठी उघडा ठेवला, तर पाऊस सरळ आतल्या स्वेटरवर येतो.

१३. हूड असताना छत्री न्यायची का?

दोन्हीचं काम वेगळं आहे. वाऱ्यात छत्री उलटते आणि गर्दीच्या फुटपाथवर दुसऱ्याच्या डोळ्याला लागते, तिथे हूड. वारा नसताना सरळ पडणाऱ्या पावसात छत्रीने मांड्या, बॅग आणि कॅमेराही कोरडा राहतो. घडीची छोटी छत्री ठेवा, पण तिच्या भरवशावर हूड नसलेलं जॅकेट घेऊ नका. हूडला पुढे कडक झापड असावी. चष्मा लावणाऱ्यांसाठी तर ती नसेल तर हूड जवळपास निकामी आहे.

१४. रंग कोणता घ्यावा?

मध्यम गडद: गडद निळा, ऑलिव्ह, करडा. फिका रंग बॅगेच्या पट्ट्यांखाली आणि कॉलरवर दोन दिवसांत मळतो. रात्री रस्त्याकडेला बरंच चालणार असाल तर पाठीवर किंवा बाहीवर चकाकणारी छोटी पट्टी असलेलं घ्या.

१५. विमानात अंगावर घालून जावं की बॅगेत टाकावं?

अंगावर किंवा हातात. बॅगेतली जागा वाचते, विमानातल्या गारव्यात पांघरूण होतं आणि सामान उशिरा आलं तरी पहिल्या संध्याकाळी थंडीत सापडत नाही. सुरक्षा तपासणीत जॅकेट काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं, म्हणून खिशातली नाणी, किल्ल्या आणि फोन आधीच बॅगेत टाका.

जॅकेट मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन करत असाल तर सगळे खिसे चाचपून घ्या. पॉवर बँक खिशात राहून गेली तर अडचण होते, कारण ती चेक-इन सामानात चालत नाही.

१६. दुपारी गरम व्हायला लागलं की जॅकेटचं करायचं काय?

आधी काढू नका, मोकळं करा. काखेच्या चेन आणि मनगटाच्या पट्ट्या उघडा, समोरची चेन छातीपर्यंत खाली आणा. दुहेरी चेन असेल तर खालूनही उघडा. तरीही घाम येत असेल तर आतला स्वेटर काढा (का, ते प्रश्न २ मध्ये आहे). संग्रहालय, दुकान, मेट्रो इथे हवा बरीच उबदार असते, तिथे शिरताच चेन उघडण्याची सवय लावा. घामेजून बाहेर पडलात की तोच घाम पाच मिनिटांत हुडहुडी भरवतो.

कमरेला बाह्या बांधून फिरलात तर जॅकेट सरकतं, जमिनीला घासतं आणि खिशातल्या वस्तू पडतात. हूडमध्ये गुंडाळून बॅगेत टाका. १५ ते २० लिटरच्या बॅगेत जॅकेट, स्वेटर, बाटली आणि छत्री सहज राहतात.

१७. घरात चार-पाच वर्षांपूर्वीचं जॅकेट आहे. नवं घ्यायलाच हवं का?

तपासल्याशिवाय नवं घेऊ नका. दोन चाचण्या पुरतात.

वाऱ्याची: बाहीचं एकेरी कापड तोंडावर घट्ट धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि जोरात फुंका. तळहाताला हवा लागली नाही तर वारा अडतोय.

पाण्याची: खांद्यावर चमचाभर पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. थेंब गोल राहून हलवताच घरंगळले तर उत्तम. कापड गडद होऊन पाणी पसरलं तर वरचा लेप गेलाय, पण तो परत आणता येतो.

सगळ्या चेन लावा, खिसे रिकामे करा. लेबलवर दुसरं काही नसेल तर वॉशिंग मशीनमध्ये ३० अंशांच्या पाण्यात, नाजूक कपड्यांच्या चक्रावर, थोड्या द्रवरूप साबणाने धुवा आणि दोनदा खळबळा. साबण उरला तर तोच पाणी ओढून घेतो. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच अजिबात नको. वाळल्यावर लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर २० मिनिटं फिरवा, किंवा वर सुती कापड ठेवून वाफ बंद केलेली कोमट इस्त्री फिरवा. उष्णतेने उरलेला लेप पुन्हा कामाला लागतो. चमच्याची चाचणी परत करा. अजूनही पाणी मुरत असेल तर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे आणा, जॅकेट ओलसर असताना खांदे, बाह्या आणि हूड यांवर मारा, जादा थेंब पुसून घ्या आणि वाळवा. हे निघण्याच्या आठवडाभर आधी करा. आदल्या रात्री केलं तर स्प्रे धड बसत नाही आणि वासही राहतो.

हे मेणाचा लेप दिलेल्या सुती जॅकेटला लागू नाही. ते मशीनमध्ये कधीच घालू नका, थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि त्याचं खास मेण लावा.

१८. जुन्या जॅकेटच्या आतून पांढरे पापुद्रे निघतायत, हाताला चिकटतंय. धुऊन जाईल का?

नाही. तो आतला पॉलियुरेथेनचा लेप आहे. दमट आणि गरम जागी वर्षानुवर्षं राहिला की हवेतल्या ओलाव्याने त्याचं विघटन होतं. वापर कमी झाला म्हणून जॅकेट चांगलं राहिलं असेल हा समज इथे उलटा पडतो. पिशवीत घडी घालून बंद ठेवलेलं जॅकेट रोज वापरलेल्यापेक्षा आधी सोलतं. याला दुरुस्ती नाही. वारा अजून अडत असेल तर कोरड्या दिवसांपुरतं वापरा.

फक्त शिवणीवरची पट्टी एक-दोन जागी सुटली असेल तर गोष्ट वेगळी. इस्त्रीने चिकटणारी शिवणपट्टी मिळते, ती लावता येते. पुढच्या जॅकेटसाठी लक्षात ठेवा: पूर्ण वाळवून, हँगरवर, हवा खेळेल अशा जागी.

१९. लहान मुलांसाठी वेगळं काही?

मुलं पळतात, घामेजतात आणि लगेच बाबागाडीत बसून गारठतात. त्यांच्यासाठी एका जाड जॅकेटपेक्षा पातळ फ्लीस आणि वर पावसाचं जॅकेट बरं. बाबागाडीत बसलेलं मूल हलत नाही, म्हणून त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त लागतो. मानेच्या मागे हात लावून बघा. तळवे गार असणं चालतं, मान गार नको.

दोन गोष्टींत तडजोड नको. हूडला आणि गळ्याला लोंबणारी नाडी नको, ती घसरगुंडीवर किंवा दारात अडकून गळ्याला फास बसू शकतो. आणि गाडीतल्या चाइल्ड सीटवर फुगीर जॅकेट घालून पट्टा लावू नका. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा आवळा, मग जॅकेट वरून पांघरा.

२०. मला इतरांपेक्षा फार थंडी वाजते. जाडच जॅकेट नेऊ का?

जाड वरच्या जॅकेटऐवजी आतून वाढवा. मेरिनोचा पूर्ण बाह्यांचा बनियन आणि पातळ पफर मिळून ५००-६०० ग्रॅमच्या आत येतात आणि जाड कोटाइतकी ऊब देतात. थर्मल पायजमा विसरू नका. वरून तीन थर आणि पायात एकेरी पातळ पँट ही फार जणांची चूक असते, आणि मग दोष जॅकेटला दिला जातो. पातळ हातमोजे आणि कान झाकणारी टोपी खिशात मावते. वयस्कर माणसांना थंडी उशिरा जाणवते, त्यांच्या "मला नको" वर न विसंबता स्वेटर सोबत ठेवा.

२१. शहर फिरता फिरता एक दिवस डोंगरावर किंवा बोटीवर जायचं आहे. दुसरं जॅकेट घ्यावं का?

नको, मधला थर बदला. उंचीवर दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. शहरात १४ अंश असताना १,५०० मीटर वरच्या ठिकाणी ४ ते ५ अंश धरून चाला. बोटीच्या डेकवर बोटीच्या वेगाचा वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो, त्यामुळे ऊन असलं तरी चेन वरपर्यंत लावावी लागते. पातळ पफर आणि टोपी त्या दिवसापुरती बॅगेत टाका.

२२. वसंतात बर्फ पडला तर?

मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या शहरांत तसं होतं. हा बर्फ बहुधा ओला असतो आणि अंगावर पडताच वितळतो, म्हणून त्याला पाऊसच समजा. तिन्ही थर आणि हूड पुरेसं आहे. त्या दिवशी जॅकेटपेक्षा बुटांचं जास्त बघा, ओले पाय असतील तर कोणतंही जॅकेट ऊब टिकवू शकत नाही.

२३. सहलीतच जॅकेट पूर्ण भिजलं. सकाळपर्यंत वाळेल का?

पातळ हार्डशेल असेल तर वाळेल. दारातच जोरात झटका, अर्धं पाणी तिथेच जातं. आतून-बाहेरून कोरड्या टॉवेलने टिपा, पिळू नका, पडद्याला चुण्या पडतात. सगळ्या चेन आणि खिसे उघडे ठेवून रुंद हँगरवर टांगा. खिडकीची फट किंवा बाथरूमचा पंखा चालू ठेवा. हीटरवर थेट घालू नका, नायलॉन वितळू शकतं आणि शिवणपट्टीचा गोंद सुटतो. हातभर अंतरावर खुर्चीला अडकवा.

पिसांचं पफर भिजलं असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि दर तासाला हाताने गोळे सोडवत राहा. सकाळपर्यंत ते कोरडं होईल असं धरू नका. ड्रायर मिळाला तर मंद उष्णतेवर दोन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा. बॉल आदळून गोळे फुटतात आणि पिसं पुन्हा फुलतात.

२४. ऑक्टोबरमध्ये दक्षिण गोलार्धात चाललोय. हेच सगळं लागू होतं का?

हो, तिथे वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, म्हणजे मार्च-एप्रिलच्या जागी सप्टेंबर-ऑक्टोबर वाचा. वारा मात्र उत्तरेकडून आला तर तिथे उबदार असतो आणि दक्षिणेकडून आला तर गार. दक्षिणेचा वारा सुरू होणार असं अंदाजात दिसलं, तर दुपारी काढलेला स्वेटर खोलीवर ठेवू नका, बॅगेतच राहू द्या.